बेलावर संत्रं बांधणारा पुंजाजी

पळसाला पाने तीनच, ही म्हण इंझोरीत पुंजाजीसमोर कोणी काढायची नाही. काढली की तो हातातलं काम टाकून उठायचा आणि म्हण काढणाऱ्याचंही काम बुडवायचा. "तीन कुठं हायेत? एकच हाय," असं म्हणत जवळच्या पळसाची फांदी खाली ओढायचा. गावाच्या चारी बाजूंना पळसच पळस, त्यामुळे पुराव्यासाठी त्याला लांब जावं लागत नसे. मग तो तीन पानांचा एक झुपका चिमटीत धरायचा आणि त्याचा दांडा फांदीला जिथे चिकटतो तिथला बारीक फुगीर कोंभ दाखवायचा. "हा डोळा. आता या तिघांच्या बुडाशी पाहा. हाय का एकाच्या बी बुडाशी डोळा? नाई ना? मंग हे पानं कशे? हे एका पानाचे तीन दळं हायेत. पळसाले पान एकच."

समोरचा माणूस बहुधा वखराच्या पाळीला निघालेला असायचा, किंवा बैलाला पाणी दाखवायचं राहिलेलं असायचं. "बरं बावा, एक," म्हणून तो सुटका करून घ्यायचा आणि पुढच्या वळणावर पुन्हा तीनच म्हणायचा. मला विचाराल तर पुंजाजीचंच खरं होतं. पण खरं असलं म्हणून माणसाने प्रत्येकाच्या मागे फांदी घेऊन लागू नये, एवढं त्याला शेवटपर्यंत कोणी समजावू शकलं नाही.

पुंजाजी जातीने माळी. धंदा संत्र्याचे डोळे बांधण्याचा. तरुणपणी नागपूरच्या एका बागेत तो गड्याचं काम करायला गेला आणि तिथे हे काम शिकून आला. संत्र्याचं चांगलं झाड बियांपासून करत नाहीत. आधी जंभुरीचं, म्हणजे एका रानटी आंबट लिंबाचं, बी लावायचं. रोप करंगळीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला चाकूने चीर द्यायची, गोड संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा सालीच्या तुकड्यासकट कापून त्या चिरेत बसवायचा आणि वरून केळीच्या सोपटाची पट्टी गुंडाळायची. डोळा फुटला की वरची जंभुरी छाटून टाकायची. मुळं जंभुरीची राहतात, झाड संत्र्याचं होतं. हे काम करणारे त्या काळी आमच्या भागात फार नव्हते. कामरगावपासून मानोऱ्यापर्यंत ज्याच्या विहिरीला पाणी आणि डोक्यात बाग, त्याचं पुंजाजीवाचून भागत नसे.

या धंद्यामुळेच त्याला पानांचं वेड लागलं. डोळा घ्यायचा तर तो कुठे असतो हे आधी कळलं पाहिजे, आणि तो असतो पानाच्या बुडाशी. मग पान म्हणजे नेमकं कोणतं, हा प्रश्न आला. आपण ज्याला पान म्हणतो ते कित्येकदा पान नसतंच. कडुनिंबाची जी डहाळी आपण पाडव्याला दाराला खोचतो, तिच्यातल्या एकेका काडीवर दोन्ही बाजूंनी हिरवी दळं असतात, ती सगळी मिळून एक पान. चिंचेचंही तसंच, फक्त दळं बारीक. बाभळीचं आणखी एक पायरी पुढे: दांड्याला काड्या फुटतात आणि दळं त्या काड्यांवर येतात. शेवगा तर सगळ्यांचा आजा, त्याच्या काड्यांना पुन्हा काड्या. हातभर लांब असलेलं ते लटांबर एकच पान आहे, हे मनकर्णाबाईला, म्हणजे पुंजाजीच्या बायकोला, लग्नानंतरची पहिली काही वर्षं पटलं नव्हतं. ती शेवग्याची भाजी निवडायला बसली की हा शेजारी बसून म्हणायचा, "किती पानं निवडले?" ती म्हणायची, "पाटीभर." हा म्हणायचा, "पाच." एकदा तिने पाटी उचलून त्याच्या अंगावर पालथी केली. तेव्हापासून तिला पटलं असं तो सांगायचा. खरं म्हणजे तेव्हापासून त्याने विचारणं सोडलं.

काटेसावरीची दळं पंजाच्या बोटांसारखी एका जागेवरून पसरतात. तीन दळांच्या मेथीला तो 'लाहान पळस' म्हणायचा. आणि या सगळ्यांना ओळखण्याची त्याची दुसरी खूण म्हणजे सांधा. दळ जिथे दांड्याला जोडलेलं असतं तिथे एक बारीक सांधा असतो, वाळलं की ते तिथून सुटून पडतं. आंब्याच्या किंवा वडाच्या साध्या पानात असा सांधा शोधूनही सापडत नाही.

आता गंमत अशी, की संत्र्याच्या पानाला दळ एकच. दिसायला अगदी साधं पान. पण देठ संपतो आणि पान सुरू होतं तिथे सांधा आहे! डोळे बांधणाऱ्याला त्याची मोठी सोय. नखाने दाबलं की पान सांध्यावर तुटतं आणि देठ डोळ्याजवळ राहतो. तो देठ धरूनच डोळा उचलायचा, म्हणजे सालीच्या ओल्या बाजूला बोट लागत नाही. काही दिवसांनी पट्टी सोडून त्याच देठाला हलकेच बोट लावायचं. गळून पडला तर डोळा जगला. वाळून चिकटून बसला तर मेला. हजारो वेळा पुंजाजीने तो सांधा नखाखाली मोडला होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्या मनात यायचं, एकट्या पानाला हा सांधा कशासाठी? बाकीचे कुठे गेले?

लोकांच्या बागा फुलवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या वावरात संत्र्याचं एकही झाड नव्हतं. वावर घराला लागूनच, पण बरड, आणि त्यातली विहीर होळीच्या आधी तळ दाखवायची. तोवर मनकर्णाबाई मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी काढायची आणि मानोऱ्याच्या बाजारात विकायची. पुढे पाऊस येईपर्यंत वावर उघडं. पुंजाजीने दोनदा संत्र्याची रोपं लावली, दोन्ही वेळा वैशाखाने खाल्ली. गावातले लोक म्हणायचे, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." पुंजाजी हसायचा. पण घरी आला की त्या कोरड्या विहिरीत वाकून बघायचा, असं माझी आई सांगते. माझी आई रुपाबाई त्यांची शेजारीण, दोन घरांमध्ये एक तुराट्यांचं कूड होतं फक्त. इथून पुढचं बरंचसं तिनेच पाहिलेलं आहे.

त्यांच्या वावरात उन्हाळ्यातही हिरवं राहणारं एकच झाड होतं, बेलाचं.

त्याची हकिकत सांगायला हवी. पुंजाजी आणि मनकर्णाबाईला एकच मुलगी झाली, पंचफुला. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली, दिवाळीच्या तोंडावर, ती गेली. सहा वर्षांची होती. त्या साथीत एकेका घरातून दोन-दोन माणसं गेली, त्यामुळे रडायलाही शेजार उरला नव्हता. पुढच्या पावसाळ्यात मनकर्णाबाईने घरामागे बेलाचं बी लावलं. कशासाठी ते ती बोलली नाही, कोणी विचारलं नाही, आणि सगळ्यांना कळलं. उन्हाळ्यात घरच्या पिण्याच्या पाण्याची ओढ असताना ती एक तांब्या त्या रोपाला घालायची. मूल पुन्हा झालं नाही. बेल वाढला.

पुंजाजी त्या रोपाकडे धंद्याच्या नजरेने बघायचा. बेलाला सुरुवातीला एकेकटी साधी पानं येतात आणि नंतर तीन दळांची येऊ लागतात, हे त्याने तिथेच पाहिलं आणि गावभर सांगितलं. पंचफुलेचं नाव मात्र तो काढत नसे. घरात कधीच नाही, बाहेर तर नाहीच. लोक म्हणायचे, बापाचं काळीज दगडाचं. लोकांना दुसऱ्याचं काळीज फार लवकर दिसतं.

होता होता झाड माणसाच्या डोक्यावर गेलं, चार चांगल्या फांद्या धरल्या. गावातला म्हातारा नानाजी दर रविवारी त्याची पानं तोडून ठेवायचा आणि सोमवारी महादेवाला वाहायचा. बेल सोमवारी तोडत नाहीत. तीन दळं पुरी असलेलंच पान नानाजी घ्यायचा, एक जरी दळ किड्याने खाल्लेलं असलं तरी टाकून द्यायचा.

अशाच एका रविवारी टाकून दिलेलं एक पान पुंजाजीने उचललं. बाजूची दोन्ही दळं गेलेली, मधलं एकटं शिल्लक होतं. त्याने ते उन्हात धरून पाहिलं. पानात सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके होते, संत्र्याच्या पानात असतात तसेच. चुरगळून वास घेतला, तोही संत्र्याच्या पानाच्या जवळचा. आणि सांधा तर होताच. पुंजाजी तिथेच खाली बसला. इतक्या वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या हातात होतं. संत्र्याचं पान म्हणजे दोन भाऊ गमावून बसलेलं बेलाचं पान! दोन्ही झाडं एका कुळातली. मग जंभुरीवर संत्रं चालतं तर बेलावर का चालू नये? आणि बेलाला उन्हाळ्यात विहीर लागत नाही.

इथपर्यंत त्याचं डोकं बरोबर चाललं होतं, हे मी आजही म्हणतो. पुढे घोडं अडलं ते डोक्यामुळे नाही.

दिवाळीत मनकर्णाबाई भाऊबीजेला कामरगावला भावाकडे गेली. पुंजाजीने गुलाबरावाच्या बागेतून गोड संत्र्याच्या काड्या आणल्या आणि बेलाच्या चारही फांद्यांवर डोळे बांधले. गुलाबराव हा कामरगावच्या वाटेवरचा मोठा बागवाला, त्याला वाटलं काड्या कुणाच्या जंभुरीसाठी चालल्या असतील. मनकर्णाबाई परतली तेव्हा झाडावर पट्ट्या दिसल्या. पुंजाजीने मोठ्या हौसेने तिला सगळं समजावून सांगितलं, दळं, सांधा, ठिपके, सगळं. ती ऐकत राहिली, काही बोलली नाही, घागर उचलून आत गेली. आपल्याकडे बाई गप्प बसली की तिने हो म्हटलं असं समजायची रीत आहे. पुंजाजीने ती पाळली.

ठरल्या दिवसांनी त्याने पट्ट्या सोडल्या. देठाला बोट लावलं, देठ गळाला. दुसऱ्याला लावलं, तोही गळाला. जवळजवळ सगळेच डोळे हिरवे होते. त्या दिवशी पुंजाजी गावभर ओरडत फिरला. "बेलानं संत्रं धरलं! बेलानं संत्रं धरलं!" लोक बघायला आले. काही जणांनी कौतुक केलं, काही जणांनी कानाला हात लावले. नानाजी काठी टेकत आला आणि म्हणाला, "पुंजाजी, महादेवाच्या झाडाले चाकू लावला तू. हे साजरं नाई केलं."

"महादेवाले संत्रं बी वाहू ना आता," पुंजाजी म्हणाला.

डोळा फुटला की वरची फांदी छाटायची, हा नियम. पण ती एकदम छाटत नाहीत. कोंभ वाढेल तशी थोडी थोडी मागे घेतात. हे पुंजाजीला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानेच ते पन्नास जणांना शिकवलं होतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मनकर्णाबाई मानोऱ्याच्या बाजाराला गेली होती त्या दिवशी त्याने बेलाच्या चारही फांद्या डोळ्यांच्या वर चार बोटं ठेवून कापून टाकल्या. सगळा जोर संत्र्याला मिळावा म्हणून.

मनकर्णाबाई संध्याकाळी रिकामी पाटी डोक्यावर घेऊन आली. आई तेव्हा कुडापाशी उभी होती. झाडाच्या जागी चार थोटकं असलेलं एक खोड होतं आणि खाली पानांचा ढीग, तीन-तीन दळांचा, अजून न सुकलेला. मनकर्णाबाईने पाटी खाली ठेवली. ढिगाजवळ गेली आणि डहाळ्या एकावर एक रचू लागली, कुणाचे विस्कटलेले कपडे घडी करावे तशी. पुंजाजी म्हणाला, "पाह्यजो आता, दोन वर्सांत..." ती उठून घरात गेली. त्या रात्रीपासून ती नवऱ्याशी बोलायची बंद झाली.

संत्र्याचे कोंभ पौषात वीतभर झाले. त्यांना ती एका दळाची चकचकीत पानं आली. पुंजाजी दिवसातून दहादा बघून यायचा. महाशिवरात्रीला नानाजी बेल आणायला दुसऱ्या गावी गेला आणि येता-जाता पुंजाजीच्या दारावरून मोठ्याने खाकरला. फाल्गुनात पानं पिवळी पडू लागली. पुंजाजीने राख घातली, शेण घातलं, गुळाचं पाणी घातलं, घरचं प्यायचं पाणी घातलं. चैत्रात कोंभ वाळले. एकही राहिला नाही. त्याने चाकूने जोड उकलून पाहिला तेव्हा दिसलं, दोन्ही साली एकमेकींना चिकटल्या होत्या, पण आत मधोमध एक काळी रेघ होती. त्या चिकटल्या होत्या, मिसळल्या नव्हत्या. आणि बेलाची थोटकंही वरून खाली काळी पडत चालली होती.

गाव काय बोललं ते सांगायला नको. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे तर रोजचंच झालं. महादेव कोपला, असंही झालं. पुंजाजीला त्याचं काही वाटलं नसतं, लोकांशी भांडायची त्याला सवय होती. त्याला छळत होती ती घरातली शांतता. मनकर्णाबाई त्याचं सगळं करायची. भाकर थापायची, धोतर धुवायची, तो तापाने फणफणला तेव्हा रात्रभर कपाळावर पाण्याची पट्टी बदलत बसली. पण बोलायची ती शेळीशी. नाहीतर कुडापलीकडे माझ्या आईशी. "रुपाबाई, सांग ना बाई, पिठलं झाकून ठेवलं म्हणा." आई इकडून ओरडायची, "पुंजाजी, पिठलं झाकून ठेवलं म्हंते." आणि पुंजाजी तिकडे चुलीपासून दोन हातांवर बसलेला असायचा. आईला आधी हसू यायचं, मग रडू यायला लागलं.

पावसाळ्यात गुलाबरावाचा माणूस डोळे बांधायला बोलवायला आला. "हात चालत नाई," असं सांगून पुंजाजीने त्याला परत पाठवलं. चाकू त्याने आढ्याला खोचून ठेवला होता. दिवसभर लोकांच्या वावरात निंदण-खुरपण करायचा. पळसाची म्हण कोणी मुद्दाम काढली तरी मान वर करायचा नाही. मजा गेली म्हणून लोकांनीही ती काढणं सोडलं.

बेल मात्र मेला नाही. मृगात पाणी पडलं आणि बुडातून, मुळांतून धुमारे आले, काटेरी, तीन दळांचे. मनकर्णाबाईने ते पाहिले आणि आईला हाक मारून दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी धुमाऱ्यांभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. पुंजाजीने अंधार असतानाच उठून केलं होतं. तिने ते बघितलं. कुंपण काढलं नाही.

आता कवठाचं. वावराच्या बांधावरच्या कवठाच्या लहानशा झाडाजवळून जाताना एकदा पुंजाजी थांबला. कवठाच्या पानाला पाच-सात दळं, एका दांड्यावर समोरासमोर बसलेली, टोकाला एक एकटं. आणि दांड्याच्या दोन्ही कडांना हिरवी बारीक पट्टी. तशीच पट्टी संत्र्याच्या देठाला असते. बेलाच्या देठाला नसते. म्हणजे संत्र्याचं जवळचं नातं कवठाशी; हे त्याला आधी दिसायला हवं होतं. घरामागचं झाड सोयीचं, म्हणून त्याने बांधापर्यंत जाऊन पाहिलंच नव्हतं.

पुढे ते झाड झालं. मी स्वतः पाहिलेलं आहे. कवठाच्या मुळावरचं संत्रं, माणसाच्या छातीपेक्षा उंच कधी झालं नाही, ठेंगणं, वाकडं, उन्हाळ्यात निम्मी पानं टाकणारं, पण न मरणारं. फळं लवकर आली, थोडी आली आणि सालीला जाड होती. बागवाल्यांनी बघून नाकं मुरडली, अशा झाडावर कुणाची बाग उभी राहणार? कोणाची राहिली नाही. पुंजाजी पुन्हा जंभुरीवर डोळे बांधायला जाऊ लागला आणि म्हातारपणी मलाही त्याने पळसाची फांदी ओढून दाखवली. पण ते सगळं नंतर. आधी त्या कवठाला चाकू लागायचा होता, आणि तो असाच नाही लागला.

पावसाळा सरता सरता एका दुपारी आई आणि मनकर्णाबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मानोऱ्याचा बाजार. पुंजाजी आला आणि समोर उभा राहिला. आढ्यातला चाकू त्याच्या हातात होता.

"बांधावरच्या कवठाले डोळा बांधू का?" त्याने विचारलं.

आईला वाटलं आपल्याला विचारतोय. तिने वर पाहिलं, तर तो मनकर्णाबाईकडे बघत होता. मनकर्णाबाईने हातातली जुडी बांधली, दुसरी घेतली. तो परत फिरला. दुसऱ्या दिवशी ती बाजारातून आल्यावर पुन्हा तेच. "कवठाले डोळा बांधू का?" तिसऱ्या दिवशी पुन्हा. ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. नवरा बायकोला विचारतो, आणि काय, तर बांधावरच्या रानकवठाबद्दल! पारावर लोक हसून लोटपोट झाले. एकमेकांना भेटले की "बिडी ओढू का?" असं बायकी आवाजात विचारू लागले. पुंजाजी रोज विचारत राहिला.

दसरा जवळ आला असेल. आई तेव्हाही तिथेच होती, कुडाच्या अलीकडे तुरीच्या काड्या उभ्या करत; पलीकडे मनकर्णाबाई भाजी निवडत बसली होती. पुंजाजी आला, उभा राहिला, विचारलं. मनकर्णाबाई या वेळी त्याच्याशी बोलली. वर्ष होत आलं होतं.

"मले कायले इचारता? कवठ बांधावरचं, चाकू तुमचा."

"बेलाच्या वक्ताले इचारलं नाई म्या," पुंजाजी म्हणाला. "तो तुहा होता."

मनकर्णाबाईने हातातली भाजी खाली ठेवली.

"माहा?" ती म्हणाली. "माह्या एकटीचा असता तं मी एवढी रागावली नसती. नवऱ्यानं बायकोचं काई घेतलं तं बाई चार दिवस रडते अन् इसरते. तो पंचफुलीचा होता. अन् पंचफुली तुमची बी होती ना? तिच्या झाडावर चाकू चालवतानी तुमाले आठोलं बी नाई, का हे आपल्या पोरीचं हाय. लोकाच्या जंभुरीवर चालवावा तसा चालवला. मंग मी काय समजू? इतके वर्सं ते पोरगी काय मले एकटीलेच झाली होती?"

 पुंजाजी खाली बसला, उकिडवा, चाकू मातीत ठेवला.

"आठोते," तो म्हणाला. "रोज आठोते. पंचफुली." आणि नाव घेतल्यावर त्याला हुंदका फुटला. आई म्हणते, तो हुंदका असा होता की शेळी दाव्याला हिसका देऊन उभी राहिली. मग म्हणाला, "त्या झाडाकडे मी नुसतं झाड म्हणूनच पाहो. पानं, दळं, डोळा. तसं पाह्यलं नसतं तं मले या घरात राहाता आलं नसतं."

मनकर्णाबाईने पदर तोंडाला लावला. तीही रडत होती, पण रागाने की कशाने ते आईला कळलं नाही. मग ती उठली, आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"तोंड धुवा," ती म्हणाली. "अन् तिचं नाव घेत जा. घरात दोघंच हावो आपण, कोणाची चोरी हाय?"

कवठाची फांदी तिनेच धरली. चाकू कित्येक महिने आढ्याला होता, म्हणून पहिले दोन डोळे वाया गेले.